आकाशाचे तेवीस तुकडे

माझ्या आईला स्वतःचा असा डिसेंबर महिना पहिल्यांदा मिळाला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. त्याआधीचे एकतीस डिसेंबर टपाल खात्याने घेतले. हे मी रागाने सांगते आहे आणि पुढचंही बरंचसं रागानेच सांगणार आहे, तेव्हा ज्यांना नाताळची गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. वडील मला लहानपणापासून ठिणगी म्हणायचे. ते गेले, नाव राहिलं.

आई टपाल कचेरीत पत्रं लावायची. म्हणजे स्टुलावर बसायचं, समोर भिंतभर लाकडी खण, डाव्या हातात पत्रांची चळत, आणि उजव्या हाताने एकेक पत्र ज्या त्या गावाच्या खणात टाकायचं. बाकीच्या बायका मिनिटाला तीस-पस्तीस पत्रं लावायच्या, आई पन्नास. ती म्हणायची, पत्ता वाचत बसायचं नसतं, तो हाताला कळतो. कचेरीत तिला भिंगरी म्हणत आणि आम्हा पोरांना त्याचा कोण अभिमान होता. डिसेंबर उजाडला की शुभेच्छापत्रांच्या पोत्यांच्या राशी लागायच्या. सगळ्या जगाला एकमेकांना शांततेच्या शुभेच्छा पाठवायच्या असायच्या आणि त्या शांततेपायी आई सकाळी सहाला जायची ती आम्ही जेवून झोपायच्या बेतात असताना यायची. नाताळच्या दिवशी दुपारी ताटावर बसल्या बसल्या तिला डुलक्या लागायच्या. तिच्या हातातून लाखो पत्रं गेली असतील, पण आमच्या घरी आलेली चार पत्रं ती जानेवारीत फोडायची.

घरात एकच मंत्र होता. आटप. दात घासताना आटप, जेवताना आटप, रडतानासुद्धा आटप. दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, बुटाच्या नाड्या नऊ वर्षांचा होईपर्यंत बांधता येत नव्हत्या, कारण तो पहिली गाठ मारेपर्यंत आई खाली बसून दोन्ही बूट बांधून उभी राहिलेली असायची. शेवटी शाळेतल्या बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत शिकवलं. आम्ही दोघंही पुढे भराभर चालणारी, भराभर बोलणारी, उभ्याने चहा पिणारी माणसं झालो यात नवल नाही.

कचेरीची आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढे लागेल. एखादं पत्र चुकीच्या खणात गेलं की ते भलत्याच गावाला जातं, तिथून तिसऱ्याच, आणि नाताळचं पत्र फेब्रुवारीत पोचतं. म्हणून चूक झाल्याचा नुसता संशय आला तरी सुतळीने बांधलेला अख्खा गठ्ठा सोडायचा आणि पहिल्या पत्रापासून पुन्हा लावायचा. त्याला त्या बायका गठ्ठा फोडणं म्हणत. कितीही घाई असो, खण ज्याचे, गठ्ठा त्यानेच फोडायचा. एवढ्या धबडग्यात ती एकच गोष्ट निवांतपणे करायची मुभा होती.

आई निवृत्त झाली त्याच सुमाराला कचेरीत पत्रं लावणारं यंत्र आलं आणि लाकडी खण भंगारात निघाले. आईने त्यातली चोवीस खणांची एक लहान चौकट मागून घरी आणली. मला वाटलं, डबे ठेवायला असेल. मग एक डिसेंबरला ती बाजारातून हजार तुकड्यांचं जिगसॉ घेऊन आली. तेच ते, पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे जुळवून चित्र करायचं कोडं. जेवणाच्या टेबलावर तिने ते ओतलं, रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे तुकडे खणांत लावले, आणि नियम जाहीर केला. रोज चाळीस तुकडे. एकेचाळिसावा नाही. म्हणजे शेवटचा तुकडा बरोबर नाताळच्या सकाळी, चर्चमधून आल्यावर, चहाच्या आधी.

पन्नास पत्रं मिनिटाला लावणारी ही बाई एकेक तुकडा खिडकीच्या उन्हात धरून बघत बसायची. शेजारी चहाचा कप असायचा आणि तो ती गरम असताना संपवायची, दोन्ही हातांत धरून. आमचे हात शिवशिवायचे. एकदा तिची पाठ वळल्यावर मी तीन तुकडे बसवून टाकले. तिने आल्या आल्या ओळखले, काढले आणि पुन्हा खणात ठेवले. म्हणाली, "हे उद्याचे आहेत. उद्या मला लागतील." लोक म्हणायचे, म्हातारीला छंद लागला. मी म्हणते, ती आपले डिसेंबर परत घेत होती.

असे पाच तिला मिळाले. सहाव्या वर्षी मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी दूध तापवताना तिच्या हातातलं पातेलं सुटलं आणि पाठोपाठ ती खाली बसली. पक्षाघात. पाय दोन-तीन महिन्यांत सावरला. जीभ मात्र जड झाली. डोक्यात वाक्य पुरं असतं, पण तोंडातून शब्द एकेक करून, मध्ये मोठी जागा सोडून येतो. आणि उजवा हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा.

समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबता येणारी माणसं किती कमी आहेत हे मला या वर्षी कळलं. आईने "मला" म्हटलं की शेजारीण पाण्याचा पेला पुढे करायची आणि डॉक्टर दुखण्याची गोळी लिहायचे. आईला कधी पाणी नको असायचं, कधी काही दुखत नसायचं. पण तेवढ्यात तिचा पुढचा शब्द कुठेतरी हरवायचा आणि ती मान हलवून पाणी पिऊन टाकायची. सगळ्यांत वरताण दादा. तो लांबच्या शहरात पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामावर मॅनेजर आहे. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, मी तो आईच्या कानाला लावायचे. आई म्हणायची, "तू..." आणि पलीकडून दादा, "हो हो, जेवलो आई. तू जेवलीस ना? गोळ्या घेतल्यास ना? शाब्बास. चल, ठेवतो, गाड्या सुटायच्यात." फोन बंद. आई तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून माझ्याकडे बघायची. हे नऊ महिने चाललं.

नोव्हेंबर संपता संपता त्याने घरच्या ग्रुपवर एक लेख टाकला. या नाताळात वेग कमी करा, साध्या आनंदांसाठी दहा उपाय. वर लिहिलं होतं, वाचायला लागणारा वेळ दोन मिनिटं. पहिला उपाय, गरम पेयाचा कप दोन्ही हातांत धरून शांत बसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं हिला कप खाली ठेवायला लावला, आता हिचा एक हात गेल्यावर सांगताय दोन्ही हातांत धरा. दादाने तो लेख गोदामात उभ्या उभ्या, न वाचता पुढे पाठवला असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खाली लिहिलं, "अकरावा उपाय, आईचं वाक्य पुरं होऊ दे." त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला.

पण मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की स्वेटरची बटणं आजींनी स्वतःच लावायची, कितीही वेळ लागो. पाच बटणं, वीस मिनिटं. मला साडेसातला कामावर, रक्त तपासायच्या लॅबमध्ये पोचायचं असायचं, तिथे उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत उभी असतात. तिसऱ्या बटणाला माझा धीर सुटायचा. "आटप गं आई," असं म्हणत उरलेली दोन मी पटापट लावून टाकायचे आणि पर्स उचलायचे. आई काही बोलायची नाही. बोलायला घेतलं असतं तर तेवढ्यात मी जिना उतरलेली असते.

ऑक्टोबरात व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हात उचलला जायला लागलाय, आता चिमूट यायला हवी, अंगठा आणि तर्जनी. त्यांनी मला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात हेही सांगितलं की जे यायचं ते पहिल्या वर्षातच येतं, पुढे फारशी आशा धरू नका. जानेवारीत तपासून बघू. दार नीट लागलं नव्हतं. मी आत आले तेव्हा आई कपाटाकडे बघत होती, जिथे ती खणांची चौकट ठेवली होती. म्हणाली, "ना...ताळ. शेवटचा... उजव्या... हाताने."

मी लहान मुलांचं मोठ्या तुकड्यांचं कोडं आणलं. तिने ते डाव्या हाताने टेबलावरून माझ्याकडे सरकवून परत केलं. मग मी पाचशे तुकड्यांचं आणलं. समुद्र, त्यात एक शिडाची होडी, आणि वर दोन तृतीयांश नुसतं आकाश, एकाच निळ्या रंगाचं. दुकानदार म्हणाला होता, हे कोणी नेत नाही. पंचवीस ऑक्टोबरला आईने सुरुवात केली, म्हणजे नाताळला बरोबर दोन महिने.

तो तुकडा टेबलावरून उचलणं हेच केवढं काम. सपाट पुठ्ठा, नखसुद्धा खाली जात नाही. आई तो तर्जनीने टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणायची, अर्धा बाहेर आला की खालून अंगठा लावायची. मग चिमूट. मग हात थरथरत वर जायचा, चित्रावर यायचा आणि तिथे बोटं सुटायची. तुकडा जमिनीवर पडला तर मी उचलून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. डावा हात ती मांडीखाली दाबून ठेवायची, कारण तो न बोलावता मदतीला यायचा. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन तुकडे. डिसेंबरात दहा, एखादे दिवशी बारा. मी लॅबमधून आले की शेजारी बसायचे, आणि मला बसणं जमायचं नाही म्हणून शेंगा सोलायचे, मोजे रफू करायचे. पण बसायचे. होडी झाली, समुद्र झाला, आकाश खालून वर चढत गेलं.

तेवीस डिसेंबरला दुपारी दादा आला, दोन फोन आणि एक छोटी बॅग घेऊन, घोड्यावर बसल्यासारखा. पंचवीसला दुपारी चारची परतीची बस. नाताळच्या आठवड्यात गोदाम सोडून दोन दिवस मिळाले हेच खूप, असं तो तीनदा म्हणाला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. संध्याकाळी तो आईसमोर बसला. आईने एक तुकडा कडेला आणायला घेतला आणि दादाचं बोट पुढे आलं. "आई, तो तिथला नाही, हा घे. इथे. अगं इथे." मी त्याच्या बोटावर चापट मारली. तो म्हणाला, "अगं, मी फक्त मदत करतोय."

चोवीसच्या सकाळी तेवीस तुकडे उरले होते. सगळे आकाशाचे. आईने हिशेब केला होता, आज संध्याकाळी अकरा, उद्या सकाळी चर्चमधून आल्यावर अकरा, आणि मग शेवटचा. त्या दिवशी दुपारी तीनला चर्चमध्ये गाणी होती आणि आईने हट्ट धरला की चालत जायचं. मार्चनंतर ती कोपऱ्यापलीकडे चालली नव्हती. दादाला तेवढ्यात गोदामातून फोन आला, त्याने हातानेच खूण केली, तुम्ही व्हा पुढे.

सात मिनिटांचा रस्ता आम्हाला पाऊण तास लागला. मध्ये बाकावर बसलो. मी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली. आईने एक दाणा उजव्या हाताच्या चिमटीत धरला, त्याचं लाल साल अंगठ्याने घासून काढलं आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसरा स्वतः खाल्ला. समोर एक माणूस शिडीवर चढून दुकानाच्या पाटीवर कागदी चांदण्या लावत होता, एक लावली की दुसरी पडत होती. आई त्याला बघून हसत होती, अगदी खांदे हलेपर्यंत. चर्चमध्ये ती गाण्यांच्या मागून येत होती, सगळ्यांचं कडवं संपलं की हिचा शेवटचा शब्द, एकटाच. कोणी वळून पाहिलं तर मी त्यांच्याकडे अशी पाहायचे की ते पुन्हा समोर बघत. परतताना माझ्या लक्षात आलं की मी दुपारपासून घड्याळ पाहिलं नाही. असे दिवस मला आयुष्यात किती मिळाले असतील, बोटांवर मोजता येतील.

दार दादाने उघडलं. चेहरा लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा फुललेला. त्याने आईला धरून टेबलापाशी नेलं. आकाश पुरं झालं होतं. वरच्या कडेशी एक भोक, आणि बशीत एक तुकडा.

"शेवटचा तुझा, आई," तो म्हणाला. "बावीस मी लावले. अर्ध्या तासात."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी पर्स भिंतीवर फेकली. मी म्हणाले, "तुला कळतंय का तू काय केलंस? ती दोन महिने बसलीय या टेबलाशी. तिला चित्र नको होतं, दुकानात तयार चित्रं मिळतात. तिला हात हवा होता. तिचे बावीस तुकडे म्हणजे बावीस वेळा हात उचलणं होतं, ते तू गिळलंस."

"अगं, तेवीस राहिले होते," दादा म्हणाला. "काल मी बघितलं, एका तुकड्याला दहा-पंधरा मिनिटं. उद्या चारला माझी बस आहे. ती शेवटचा लावताना मला बघायचं होतं."

"म्हणजे तुझ्या बससाठी."

"माझ्यासाठी म्हण. मला कधी मिळतंय काय बघायला?"

"तुला थांबता येत नाही. तुला तिचं एक वाक्य ऐकता येत नाही. तिला काय वाटत असेल याचा विचार केलास? तिला वाटत असेल की आपण ओझं झालो, तिला वाटत असेल..."

आईने हात वर केला. डावा, तळवा माझ्याकडे. ती दादाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जो राग होता तो मी कचेरीच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

"तू... पण," ती म्हणाली. मग मान खाली घालून तिने स्वतःच्या स्वेटरकडे पाहिलं. "बटणं."

तिला काय वाटत असेल हे मी मोठ्या तावातावाने सांगत होते आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिला विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

आई खुर्चीत बसली. डावा हात मांडीखाली घातला. बशीतला तुकडा तिने उजव्या हाताने उचलला, नेला, भोकावर ठेवला. बसला नाही. फिरवून ठेवला. तरी नाही. दादा वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. आईची तर्जनी आकाशावरून हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. तिथे तुकड्याची कड वर उचललेली होती, पुठ्ठ्याचा पापुद्रा सुटला होता. भलता तुकडा अंगठ्याने दाबून बसवलेला. घाईत. ज्या बाईच्या हाताला पत्ता कळायचा तिला ते दिसायला क्षणही लागला नाही.

"ग..." आई म्हणाली.

दादाने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. मीही मिटलं, कारण माझ्याही जिभेवर शब्द आला होता. खूप वेळ गेला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो मला ऐकू आला.

"गठ्ठा... फोडायचा."

"मी काढतो," असं म्हणून दादाने झटकन हात पुढे केला, आणि आईने त्याच्या मनगटावर फटका मारला. उजव्या हाताने. लागला नसेल, मांजराच्या पंजाएवढासुद्धा नसेल. पण तो हात मार्चपासून कोणाच्या अंगावर उठला नव्हता, आणि आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

मग तिने तुकडे काढायला घेतले. बावीसच्या बावीस, कुठले दादाचे हे तिला न विचारता ठाऊक होतं. बसलेल्या तुकड्याखाली नख घालायचं, चिमटीत धरायचा, उचलायचा, खणात टाकायचा. तुकडा काढणं लावण्याहून अवघड असतं हे मला त्या संध्याकाळी कळलं. दादा समोर बसला होता. त्याचे हात दोनदा उठले. मग त्याने ते दोन्ही स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले, आई ठेवते तसे. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तो उठला नाही, पण त्याचा गुडघा सारखा हलत होता. चौदाव्या तुकड्याला आई थांबली, धाप लागली होती. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "मी... शिकवलं... तुम्हाला. हे." आणि पंधराव्याला हात घातला.

नाताळच्या सकाळी चर्च झालं, चहा झाला, केक झाला. तुकडे पाचच लागले. आदल्या संध्याकाळच्या श्रमाने बोटं सुजली होती. दुपारी साडेतीनला दादाने बूट घातले, टेबलाकडे पाहिलं, आकाशात अठरा तुकड्यांचं भगदाड होतं. मला अजूनही त्याचा राग होता, खरं सांगायचं तर आजही आहे. तो दारात म्हणाला, "ठिणगे, शेवटचा लावेल तेव्हा फोन करशील?" मी म्हणाले, "तुला वेळ असेल का?" तो जिना उतरला. आईने त्याच्या बससाठी एकही तुकडा घाईने लावला नाही, आणि याचं मला फार बरं वाटलं.

शेवटचा तुकडा अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी उरला. मी फोन लावला आणि टेबलावर उताणा ठेवला. "शेवटचा आहे," एवढंच सांगितलं. पलीकडे गोदामाचा गलका होता, ढकलगाड्यांचा खडखडाट, कोणीतरी त्याला हाका मारत होतं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका दूर गेला.

आईने तुकडा कडेला आणला. पडला. मी उचलून दिला. पुन्हा कडेला आणला, अंगठा लावला, चिमूट आली, हात वर गेला आणि मध्येच थांबला, विसावा घ्यायला टेबलावर टेकला. फोनमधून श्वास ऐकू येत होता. झालं का, असं त्याने विचारलं नाही. अकरा मिनिटं गेली, फोनवर दिसत होती. एकदा पलीकडे कोणी दार ठोठावलं, त्यालाही त्याने उत्तर दिलं नाही. मग आईची तर्जनी त्या निळ्या तुकड्यावर टेकली आणि दाबली गेली.

"बसला," आई म्हणाली. स्पष्ट, एका दमात.

आम्ही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने डावा हात मांडीखालून काढला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि फोनकडे वाकली.

"तू..." ती म्हणाली.

मी दातांवर दात दाबले. नऊ महिने रोज संध्याकाळी जे ऐकलं ते आता येणार, हो हो जेवलो आई. आलं नाही. पलीकडे दादा थांबला होता. आईचे ओठ शब्द जुळवत होते, एक सापडला, सुटला, पुन्हा सापडला.

"तू... दमलास... का रे?"

रोज ती हेच विचारत होती. मार्चपासून. आम्ही दोघांनीही ती जेवणाचंच विचारतेय असं धरून ठेवलं होतं.

फोनमधून काही आलं नाही. आई हात टेबलावर ठेवून, मान थोडी कलती करून बसून राहिली. मी पलीकडची खुर्ची ओढून घेतली. त्याला उत्तर द्यायला वेळ लागत होता, आणि आम्हाला कुठे जायचं नव्हतं.